नासणे, फाटणे, उरणे : भिवंडीतील एका स्वयंपाकघराचा इतिहास

उरलेल्या चीजचे काय करावे, हा प्रश्न मराठी स्वयंपाकघराला तसा नवा आहे. अर्धा वापरून झाकून ठेवलेला डबा, मुलांच्या वाढदिवसानंतर राहिलेल्या चार वड्या, कडेने सुकून पिवळाजर्द झालेला ठोकळा, या साऱ्या गोष्टी गेल्या दोन-तीन पिढ्यांतल्या. परंतु दुधाचा जो घट्ट भाग न मागता, न ठरवता एखाद्या सकाळी पातेल्यात तरंगू लागतो, त्याचे काय करावे हा प्रश्न मात्र फार जुना आहे. गंमत अशी, की चीजशी सर्वांत जवळचे नाते असलेल्या या घरगुती पदार्थाला मराठीत धड नाव नाही. आपण त्याला 'नासलेले दूध' म्हणतो. म्हणजे जे गेले त्यावरून आपण त्याची ओळख सांगतो; जे हाती आले त्याला स्वतंत्र नाव द्यायचे राहून गेले आहे.

प्रस्तुत लेख त्या निनावी पदार्थाविषयी आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की मराठी घरांपुरते बोलायचे तर चीजचा इतिहास हा मुख्यतः उरलेल्या वस्तूचा इतिहास आहे. आणि उरलेल्या वस्तूचा इतिहास लिहिण्याची आपल्याला सवय नसल्यामुळे तो ग्रंथांत न सापडता क्रियापदांत, हातांच्या सवयींत आणि शेजाऱ्यांच्या बोलण्यात सापडतो. त्यासाठी आम्ही भिवंडीचे उदाहरण घेत आहोत. आमच्यापैकी काहींची वाढ तेथे झाली, हे एक कारण. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे दूध आणि वीज यांचे नाते त्या गावाने जितके जवळून पाहिले तितके फार थोड्या गावांनी पाहिले असेल.

१

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातले, कामवारी नदीच्या काठचे गाव. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरियल गॅझेटियरात तेथील व्यापाराच्या वस्तू म्हणून भात, सुकी मासळी, कापड, गवत आणि लाकूड यांची नोंद आहे. या यादीतले कापड पुढे इतके वाढले, की बाकीच्या वस्तू त्याखाली झाकल्या गेल्या. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांचे हातमाग येथे एकोणिसाव्या शतकातच होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यंत्रमाग आले. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर गिरण्यांतले पुष्कळसे काम या मागांकडे वळले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, उत्तर प्रदेशातून आणि बिहारमधून कामगार आले. भोवतालच्या गावांत आगरी आणि कुणबी, गावात कोकणी मुसलमान, मोमीन, मराठी, गुजराती, तेलुगू अशी ही वस्ती. बाहेरच्या जगाला हे गाव १९७० आणि १९८४ च्या दंगलींमुळे ठाऊक झाले. आत राहणाऱ्यांना ते प्रथम ऐकू येई. मागांचा खडखडाट हा त्या गावाचा श्वास होता; रात्री त्याच्याशिवाय झोप लागत नसे.

२००५ आणि २००६ या वर्षांत महाराष्ट्रात विजेचा तुटवडा शिगेला पोचला होता. 'लोडशेडिंग' हा शब्द तेव्हा मराठी शब्दच होऊन गेला. भिवंडीत दिवसाचे कित्येक तास वीज नसे, आणि ती गेली हे कळायला दिव्याच्या बटणाकडे जावे लागत नसे, माग थांबत. एकाएकी पसरणाऱ्या त्या शांततेला कारखानदाराच्या लेखी एक अर्थ होता आणि मजुरीवरच्या कामगाराच्या लेखी दुसरा. आमच्या घरी तिचा अर्थ अगदी नेमका होता : दूध गॅसवर चढवा. कारण त्या क्षणापासून फ्रिज हे एक बंद कपाट होई. उन्हाळ्यात दारे बंद ठेवूनही आतला गारवा दोन-तीन तासांपलीकडे टिकत नसे.

बहुतेक दिवशी दूध वेळेवर तापे. काही दिवशी उशीर झालेला असे. पातेल्याच्या कडेला आधी बारीक कणी दिसे, मग उकळी येता येता सारे दूध एकदम वेगळे होई; वर पांढरे गठ्ठे, खाली हिरवट-पिवळे पाणी. आई म्हणे, "नासलं." भिंतीपलीकडे उर्दू बोलणारी शेजारीण म्हणे, "फट गया?" आणि जिन्याजवळच्या खोलीत राहणारी, सोलापूरमार्गे भिवंडीला आलेली अक्का तिच्या तेलुगूत 'विरिगिंदि' म्हणे. विरिगिंदि म्हणजे मोडले.

२

एकाच पातेल्याला लागलेली ही तीन क्रियापदे आम्हाला पुढे अनेक वर्षे विचार करायला लावीत राहिली. मराठीत दूध नासते. उर्दू-हिंदीत आणि गुजरातीतही ते फाटते. तेलुगूत ते मोडते. तिन्ही क्रियापदे नुकसानाची आहेत, हे खरे. पण तिन्हींत नुकसानाची जात वेगळी आहे.

मोडलेली वस्तू तुकड्यांच्या रूपाने शिल्लक राहते. फाटलेली वस्तूही राहते. आणि विणकरांच्या गावात फाटण्याला जितके अर्थ आहेत तितके इतरत्र क्वचितच असतील. भिवंडीत कापड फाटले म्हणजे ते संपले असे कोणी मानीत नाही. त्याचा तागा उतरत्या भावाने जातो, तुकडे वजनावर विकले जातात, चिंध्या यंत्रे पुसायला जातात, आणि जुनेर घरी आले तर त्याची गोधडी होते. 'फट गया' म्हणणाऱ्या शेजारणीच्या स्वरात त्यामुळेच आमच्या आईच्या स्वरातला विषाद नसे. ती लगेच विचारी, की लिंबू हवे का, म्हणजे अर्धवट फाटलेले नीट फाटेल.

'नासणे' मात्र मुळातच 'नश्' या धातूचे. जे नासले ते नाश पावले. एक नासका आंबा अढी नासवतो. एखाद्याने चांगल्या कामात खोडा घातला तर त्याने दुधात मिठाचा खडा टाकला असे आपण म्हणतो. दूध बिघडणे ही मराठीत केवळ स्वयंपाकघरातली घटना नाही. ती अनिष्टाची एक सर्वसामान्य उपमा आहे. अशा भाषेत त्या पांढऱ्या गठ्ठ्यांना स्वतःचे नाव मिळणे कठीणच होते. त्यांना आपण 'चोथा' म्हणतो, पण चोथा उसाचाही असतो आणि रस काढलेल्या नारळाचाही. पाण्याला 'नासकवणी' किंवा 'निवळ' म्हणतो; त्यातही पहिला शब्द पुन्हा नासण्याचाच.

संस्कृत वैद्यकग्रंथांची गोष्ट निराळी आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त दुधाचे प्रकार सांगताना याच बिघडलेल्या दुधाची बारकाईने वर्गवारी केलेली आढळते. तेथेही आरंभ 'नष्टदुग्ध' या शब्दानेच होतो. परंतु ग्रंथकार त्यावर थांबत नाही. नष्ट दूध आटवून जो गोळा होतो तो किलाट. न शिजवता जे नष्ट झालेले असते ते क्षीरशाक. दही किंवा ताक घालून फोडलेले दूध स्वच्छ कापडात बांधले की तक्रपिंड. आणि जे पाणी निघते ते मोरट. प्रत्येकाला नाव आहे आणि प्रत्येकाचा गुणदोष आहे. मराठीने या कुळातला 'नष्ट' तेवढा ठेवला आणि पुढची नावे सोडून दिली, असे म्हणावे लागते.

३

येथे एका सुप्रसिद्ध मताचा विचार करणे भाग आहे. अन्नाच्या इतिहासाचे ज्येष्ठ अभ्यासक के. टी. अचया यांनी असे मांडले, की आर्य परंपरेत दूध मुद्दाम फोडण्याला निषेध होता, आणि बंगालमधील छेन्याच्या मिठाया उभ्या राहिल्या त्या पोर्तुगीजांच्या सहवासात हा निषेध सैल झाल्यामुळे. हे मत इतक्या वेळा उद्धृत झाले आहे, की आपल्याकडे चीज का नव्हते याचे ते तयार उत्तर होऊन बसले आहे. बंगालपुरते त्यात तथ्य असेलही. पण सबंध परंपरेला ते लावू गेले, तर दोन दाखले आड येतात.

पहिला दाखला यज्ञातलाच आहे. चातुर्मास्य यागांच्या वैश्वदेव पर्वात तापलेल्या दुधात दही घालून ते मुद्दाम फोडतात. जो घट्ट भाग होतो ती आमिक्षा. ती विश्वेदेवांना द्यायची. जे पाणी उरते ते वाजिन. ते वाजी नावाच्या देवतांना द्यायचे. दूध फोडणे हे सरसकट पाप असते तर ते वेदीवर कसे चालले असते?

या आमिक्षेने पूर्वमीमांसेच्या पंडितांना एक मोठा रोचक प्रश्न दिला. जैमिनिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात तो येतो. दुधात दही घालायचे ते कशासाठी? आमिक्षेसाठी, की आमिक्षा आणि वाजिन या दोहोंसाठी? दोन्ही एकाच क्रियेतून निघतात, दोन्ही देवतांना दिली जातात. मग दोन्ही सारखीच प्रयोजक का मानू नयेत? मीमांसकांचा निर्णय असा, की क्रियेचे प्रयोजन आमिक्षा हेच होय. आमिक्षा म्हणजे घट्ट झालेले दूधच. दुधाचा गोडवा तिच्यात राहतो, असा चवीचा दाखलाही भाष्यात दिला जातो. वाजिन हे तिच्या मागोमाग आपोआप निघणारे. याचा व्यवहारातला परिणाम असा, की वाजिन काही कारणाने वाया गेले तर केवळ त्याच्यासाठी पुन्हा दूध फोडण्याचे कारण नाही.

हा निर्णय वाचताना आम्हाला दोन गोष्टी जाणवल्या. एक, हेतूने झालेले आणि हेतूविना उरलेले यांतला भेद इतक्या काटेकोरपणे मांडणारी ही परंपरा होती. दुसरी अशी, की वाजिन हे केवळ उरलेले आहे हे सिद्ध केल्यावरही तिने ते ओतून दिले नाही. त्याला देवता दिली. जे उरले त्यालाही कोणीतरी मागणारा आहे, ही तरतूद विधीतच करून ठेवली.

दुसरा दाखला राजाच्या मुदपाकखान्यातला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याची कारकीर्द ११२६ ते ११३८ अशी. (ही कल्याणी म्हणजे भिवंडीशेजारचे कल्याण नव्हे; आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण होय.) त्याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात दुधाच्या एका पक्वान्नाची कृती आहे. तापलेल्या दुधात आंबट ताक घालायचे, दूध फुटले की ते कापडात बांधून पाणी काढून टाकायचे, गोळा मळून त्यात तांदळाचे पीठ मिसळायचे, आकार देऊन तुपात तळायचे आणि साखरेच्या पाकात सोडायचे. जुन्या मराठीचे काही नमुने ज्या ग्रंथात सापडतात तोच हा ग्रंथ. पोर्तुगीज या किनाऱ्यावर उतरण्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

तेव्हा मुद्दाम दूध फोडणे आपल्याला ठाऊक नव्हते असे नाही. वेदीला ठाऊक होते, वैद्याला ठाऊक होते, राजाच्या आचाऱ्याला ठाऊक होते. सामान्य मराठी घराने मात्र ते मुद्दाम केले नाही, आणि याचे कारण निषेधात शोधण्यापेक्षा आम्हाला काटकसरीत शोधावेसे वाटते. ज्या घरात दूध मोजके, त्या घरात ते विरजणाला लागे. विरजणातून दही, दह्यातून लोणी, लोण्यातून तूप, आणि मागे राहणारे ताक साऱ्या घराला पुरणारे. त्याउलट एक लिटर दूध फोडले तर मूठभर चोथा मिळतो आणि लोणी हाती येत नाही. चांगले दूध फोडणे ही उधळपट्टी होती. पण दूध स्वतःहून फुटले, तर तो चोथा टाकून देणे ही त्याहून मोठी उधळपट्टी ठरली असती.

४

मग त्याचे काय होई? आमच्या घरी जे होई ते थोडे तपशिलाने सांगतो. यातले बहुतेक वाचकांना आपापल्या घरचे वाटेल.

प्रथम वास. दूध तापवतानाच फुटले आणि वास स्वच्छ, किंचित आंबूस असेल तर ते ठेवायचे. वास कुबट असेल किंवा जिभेला कडवट लागले तर मोरीत ओतायचे, त्यावर चर्चा नाही. हा निर्णय आई घेई आणि तो क्षणात होई. त्यामागचे शास्त्र आम्ही पुढे पुस्तकात वाचले. जीवाणू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात. आम्ल एका मर्यादेपलीकडे गेले की केसीन नावाचे प्रथिन विरघळलेले राहू शकत नाही आणि त्याचे गठ्ठे होतात. आच लागली की ही क्रिया त्याहून कमी आम्लातही घडते. म्हणून फ्रिजमध्ये साधे दिसणारे दूध गॅसवर फुटते. दुधाच्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन चोथ्यात जाते आणि उरलेल्यातले पुष्कळसे पाण्याबरोबर निघून जाते. कडवटपणा हा दुसऱ्या प्रकारच्या जीवाणूंनी प्रथिने कुजवल्याची खूण असते. आईला केसीन ठाऊक नव्हते. जीभ ठाऊक होती.

मग पंचा. जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा धुतलेला तुकडा चाळणीवर पसरून त्यात दूध ओतायचे. भिवंडीत अशा तुकड्यांना तोटा नव्हता. पाणी खालच्या पातेल्यात जमे आणि त्याची वाट आधीच ठरलेली असे. थोडे कणकेत, म्हणजे पोळ्या मऊ होतात; थोडे तांदळाच्या भाकरीच्या उकडीला; उरलेले आमटीत, त्या दिवशी चिंच-कोकम कमी घालून. कधी बेसन लावून, आले-मिरची घालून त्याची कढी होई आणि ती ताकाची नाही हे पाहुण्याला कळत नसे.

चोथा गोड करायचा असेल तर जाड बुडाच्या कढईत साखर घालून मंद आचेवर परतायचा. साखर वितळली की तो पातळ होतो आणि घरातले लहान मूल दर वेळी म्हणते, की आता हे बिघडले. हळूहळू तो पुन्हा आळतो, कडा सोडतो, दाणेदार होतो. वेलदोडा घालून तूप लावलेल्या ताटात थापायचा आणि वड्या पाडायच्या. बेत मोठा असेल तर ओले खोबरे घालून लाडू. तिखट करायचा असेल तर कांदा-मिरचीवर परतून भुर्जीसारखा, किंवा थालीपिठाच्या भाजणीत. शेजारीण त्याच चोथ्यात हिरवी मिरची आणि काळे मीठ घालून पराठ्यात भरी. अक्का तो फोडणीच्या भातात मिसळी. पातेली वेगळी होती, पण लोडशेडिंगच्या दिवशी जिन्यावर वाट्यांची देवघेव होई. कारण एकाचे दूध नासले म्हणजे मजल्यावर आणखी दोघांचे नासलेले असे.

या पंक्तीला अजून एक नातलग बसतो, तो म्हणजे बेरी. लोणी कढवून तूप गाळले की तळाशी राहणारा तो तपकिरी, खमंग गाळ. त्यालाही साखर लावून पोरांच्या हातावर ठेवायचे, किंवा कणकेत कुस्करायचे. बेरीला निदान नाव मिळाले. तूप हे घराचे वैभव, म्हणून त्याच्या पाठराखणीलाही नाव. नासलेल्या दुधाचे मालक कोणी नव्हते.

आणि हे खात कोण होते? ठरवून केलेले पक्वान्न देवाला, पाहुण्याला, घरच्या पुरुषांना आधी जाई. नासलेल्या दुधाच्या वड्या नैवेद्याला चालत नसत आणि पाहुण्यापुढे ठेवायला घरातले संकोचत. त्या मुलांच्या आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला येत. उरलेल्याचे हेही एक समाजशास्त्र आहे. जिने तासभर कढईपाशी उभे राहून ते वाचवले, तिला श्रेय मिळत नसे, कारण ते करण्याचे कोणी ठरवलेलेच नव्हते. काही बिघडले नाही, एवढेच तिच्या कामाचे फळ. मराठीत छापील पाकपुस्तकांची परंपरा १८७५ च्या 'सूपशास्त्रा'पासून मोजली जाते, आणि पाककृतीचा आरंभ आपण 'साहित्य' या सुंदर शब्दाने करतो. पण 'साहित्य : दोन लिटर दूध, वीज गेलेली' असे कोणी लिहीत नाही. पाकपुस्तक हेतूपासून सुरू होते. घर पुष्कळदा अपघातापासून सुरू होते.

५

आता डब्यातल्या चीजकडे येऊ. मुंबईच्या परिसरातले दूध गेल्या पाऊणशे वर्षांत कसे बदलले हे सर्वांना स्थूलमानाने माहीत आहे. १९४५ मध्ये आणंदहून मुंबईला दूध आणण्याची सरकारी योजना सुरू झाली. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्ह्याचा सहकारी संघ नोंदला गेला. १९४९ मध्ये मुंबईबाहेर आरे वसाहत उभी राहिली आणि शहरातल्या गोठ्यांतल्या म्हशी तेथे नेण्यात आल्या. १९६० मध्ये आणंदला वर्षाला ६०० टन चीज आणि २५०० टन बालअन्न तयार करण्याची नवी शाखा जोडण्यात आली. म्हशीच्या दुधापासून इतक्या मोठ्या व्यापारी प्रमाणावर चीज करण्याचा जगातला तो पहिला प्रयोग मानला जातो. या 'अमूल' चीजच्या डब्याने मराठी मध्यमवर्गाला चीज म्हणजे काय ते शिकवले.

पण हे चीज म्हणजे प्रक्रिया केलेले चीज, आणि त्याची जन्मकथा आपल्या विषयाशी जवळून जुळते. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधील थून या गावी वॉल्टर गेर्बर आणि फ्रित्स श्टेटलर यांनी चीज वितळवून त्यात सायट्रेट क्षार मिसळले. त्यामुळे त्यातले स्निग्ध आणि पाणी वेगळे न होता एकजीव राहिले आणि ते टिकाऊ झाले. उद्देश उष्ण देशांत चीज पाठवता यावे हा होता. १९१६ मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी आपल्या पद्धतीचे एकस्व घेतले. या पद्धतीचा एक फायदा असा, की आकाराने बिघडलेले, फुटलेले, कापताना उरलेले चीजचे तुकडेही पुन्हा वितळवून उपयोगात आणता येतात. म्हणजे आपल्या फ्रिजमध्ये उरलेली ती वडी ही स्वतःच उरलेल्याला सांभाळून घेणाऱ्या एका तंत्राचे अपत्य आहे.

त्याच देशाची आणखी एक कथा येथे सावधगिरीसाठी सांगतो. फोंड्यू हा वितळलेल्या चीजचा पदार्थ म्हणजे बर्फात अडकलेल्या गरीब गुराख्यांनी शिळे चीज आणि शिळा पाव संपवण्यासाठी काढलेली युक्ती, असे सर्रास सांगितले जाते. पण वाइनमध्ये चीज शिजवण्याची जुनी छापील कृती १६९९ मधल्या झुरिकच्या पुस्तकातली, म्हणजे शहरातली आहे. आणि फोंड्यूला राष्ट्रीय पदार्थाचा मान मिळाला तो १९३० च्या दशकात, स्विस चीज संघाने विक्री वाढवण्यासाठी केलेल्या प्रचारामुळे. उरलेल्याचे कौतुक हेही विक्रीचे साधन होऊ शकते. आम्ही येथे आमच्या आईच्या वड्यांचे जे वर्णन केले त्यालाही हा इशारा लागू आहे. त्या वड्या चवदार होत, पण महिन्यातून चार वेळा दूध नासणे ही चवदार गोष्ट नव्हती. महिनाअखेरीला त्या दुधाचे पैसे मोजावेच लागत. आणि जी बाई दिवसभर मागाच्या कांड्या भरून घरी येई, तिला कढईपाशी उभे राहायला तासही नसे. तिचे दूध मोरीतच जाई. वाचवण्यासाठीदेखील थोडी फुरसत लागते.

६

२६ जानेवारी २००७ पासून भिवंडीतील वीजवितरणाचे काम एका खासगी कंपनीकडे सोपवण्यात आले. शहराला लागू झालेली देशातली ही पहिली अशी व्यवस्था. तिच्याविषयी गावात मतभेद पुष्कळ आहेत आणि तो या लेखाचा विषय नाही. आमच्या पातेल्यापुरते बोलायचे, तर पुढच्या काही वर्षांत लोडशेडिंग उतरत गेले आणि दूध नासण्याचे प्रसंग विरळ झाले. मधल्या काळात पुठ्ठ्याच्या खोक्यातले, महिनोन् महिने टिकणारे दूधही घरात आले. मागांची संख्या आणि भरभराट ओसरू लागली. गावाच्या भोवती, विशेषतः नाशिक महामार्गाच्या अंगाला, गोदामांचे नवे गाव वसले. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर असणे हे त्याचे एक जुने कारण; जकात गेल्यावरही गोदामे राहिली आणि वाढली. त्यांत अन्नपदार्थांची शीतगृहेही आहेत. ज्या गावात एके काळी दोन लिटर दूध सकाळपर्यंत टिकत नसे, त्या गावाच्या वेशीवर आज मुंबईकडे जाणारा थंड माल रात्रंदिवस थंड ठेवला जातो.

आमच्या घरात आता कधीतरी उरते ते चीज. आई त्या कडक झालेल्या ठोकळ्याकडे प्रथम संशयाने पाही. मग तिने तो वास घेऊन पाहिला, बुरशी नाही याची खात्री केली, किसला आणि थालीपिठाच्या भाजणीत मिसळला. मीठ मात्र निम्मे केले, कारण डब्यातले चीज मुळातच खारट. दुसऱ्या वेळी तो उकडलेल्या बटाट्यात गेला, तिसऱ्या वेळी आदल्या दिवशीच्या पोळीच्या गुंडाळीत. तिने हे कोठे वाचले नव्हते. वास, कढई, भाजणी, मिठाचा अंदाज ही सारी जुनी यंत्रणा होती. नासलेल्या दुधासाठी तयार झालेली, आता नव्या मालावर चाललेली. चीज उरल्यास काय करावे याचे मराठी उत्तर असे आधीच तयार होते. प्रश्न तेवढा उशिरा आला.

मात्र ती यंत्रणा टिकेल याची खात्री आम्हाला नाही. ती ज्या प्रसंगांवर पोसली गेली ते प्रसंग संपत आहेत, आणि ते संपले याचे दुःख करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दूध नासू नये हेच बरे. परंतु प्रसंग संपला की त्याचे ज्ञानही निमूटपणे जाते, आणि जे ज्ञान कोणी हेतुपुरस्सर निर्माण केले नाही ते गेल्याची नोंदही कोणी करीत नाही. आमच्या पुढच्या पिढीतल्या एका मुलीने परवा 'नासकवणी' हा शब्द ऐकून तो कुठल्या नक्षत्राचे नाव आहे का असे विचारले. आम्ही हसलो खरे, पण तो शब्द तिला पातेले दाखवून समजावणे आता शक्य नव्हते.

मीमांसकांनी आमिक्षा आणि वाजिन यांत जो भेद केला तो इतिहास लिहिणाऱ्यालाही उपयोगी आहे. आपण क्रियेचे प्रयोजन पाहून इतिहास लिहितो. राजाने काय करवले, कारखान्याने काय काढले, ग्रंथकाराने काय सांगितले, हे आमिक्षेचे इतिहास आहेत, आणि ते हवेतच. पण प्रत्येक क्रियेतून जे न ठरवता निघते आणि जे कोणाच्या तरी हातांनी वाचते, त्यालाही परंपरेने एक देवता नेमून दिली होती. भिवंडीच्या त्या जिन्यावर माग थांबल्याच्या शांततेत तीन भाषांतल्या तीन बाया एकमेकींच्या पातेल्यांत डोकावून पाहत उभ्या असत. एकीचे नासलेले असे, एकीचे फाटलेले, एकीचे मोडलेले. थोड्या वेळाने माग पुन्हा सुरू होत, आणि खडखडाटात बोलणे ऐकू येईनासे झाले की प्रत्येक जण आपली वाटी घेऊन आत जाई.